सुट्टीनंतरचा आठवडा

आमच्या गुजरातेत शाळांना दिवाळीची सुट्टी साधारण २१ दिवसांची असते. गेल्या वर्षी त्यातला शेवटचा दिवससुद्धा आम्ही वाया जाऊ दिला नाही. कोल्हापूरहून, सासुरवाडीहून, रविवारी रात्री बडोद्याला पोचलो आणि सोमवारी सकाळी साडेसातला मुलांची शाळा!

आठ वर्षांचा थोरला वर्गात बाकावर झोपला. चार वर्षांची धाकटी शाळेच्या फाटकाशी इतकी रडली की तासाभरात तिला घरी आणावं लागलं. हॉलमध्ये बॅगा तशाच, बादलीत कपडे भिजत पडलेले. मी मात्र मीटिंग आहे म्हणून खोलीचं दार लावून लॅपटॉपसमोर बसलो. रात्री बायको एवढंच म्हणाली, "तुमची सगळ्यांची सुट्टी संपली. माझी सुरू कधी होणार?"

ते वाक्य वर्षभर डोक्यात राहिलं. म्हणून यंदा आम्ही शाळा सुरू होण्याच्या चार दिवस आधी, बुधवारी रात्रीच परतलो. मुलं कुरकुरली, आजी-आजोबाही थोडे नाराज झाले.

पहिलं काम होतं झोपेचं. झोपेवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या शिफारशीनुसार तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. सकाळी सव्वासहाला उठायचं तर नऊच्या आत अंथरुणात जायला हवं. सुट्टीत आमच्याकडे साडेअकरा वाजत होते.

"चला, झोपा" म्हणून मुलं झोपत नाहीत. त्यामुळे आम्ही सकाळकडून सुरुवात केली. गुरुवारी आठला उठवलं, शुक्रवारी साडेसातला, शनिवारी सातला, रविवारी साडेसहाला. उठल्यावर दूध देऊन थेट कमाटीबागेत. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री झोपही लवकर येते. उलट, रात्रीचा झगझगीत दिवा आणि मोबाइल ती लांबवतात. म्हणून आठनंतर टीव्ही बंद आणि मोठ्यांचे फोनही दुसऱ्या खोलीत. सगळ्यात जड गेलं ते मलाच.

जेवण साधं ठेवलं. फराळाचे डबे वरच्या फळीवर गेले. चकली-शंकरपाळे मिळायचे, पण संध्याकाळी पाचला, वाटीभरच. रात्री साडेसातला वरणभात नाहीतर मुगाची खिचडी. बुधवारी रात्री तर शेजारच्या काकूंनीच खिचडी-कढी पाठवली होती. तुमच्या ओळखीचं लहान मुलांचं घर प्रवासातून परत येत असेल, तर त्या रात्रीचं जेवण पाठवा. दुसऱ्या कुठल्याही मदतीपेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

घर एका दिवसात लावायचा हट्ट सोडला. आधी फक्त सोमवारी लागणारं काढलं: गणवेश, बूट, डबे, दप्तर. बाकी बॅगा पुढच्या शनिवारपर्यंत तशाच राहिल्या आणि काही बिघडलं नाही. कामं कागदावर लिहून फ्रिजवर लावली, समोर नावं घातली. कपडे आणि सकाळचे डबे माझ्याकडे आले. थोरल्याने आपल्या पाण्याच्या बाटल्या भरल्या. धाकटीला शनिवारी वर्गातल्या मैत्रिणीकडे खेळायला नेलं, म्हणजे सोमवारी फाटकाशी एक तरी ओळखीचा चेहरा असेल.

सोमवारी ती रडलीच, पण पाच मिनिटं. मीही गुपचूप न सटकता "डबा खाल्लास की मी येतो" असं सांगून निघालो आणि वेळेवर परत गेलो. थोरल्याचा गृहपाठ अर्धा राहिला होता, त्याबद्दल त्याला बोलणी बसली.

पण मला लक्षात राहिली ती आदली दुपार. रविवारी जेवणं झाल्यावर मी मुलांना घेऊन खाली खेळायला गेलो. अडीच तासांनी परत आलो, तेव्हा घरात पंखा चालू होता, फोन दुसऱ्या खोलीत होता आणि बायको गाढ झोपली होती. मुलांना मी खुणेनेच गप्प केलं आणि आम्ही तिघं पुन्हा खाली गेलो.