गर्भावस्था आणि समुद्रकिनारा : उष्मा, वाळू आणि पाणी

मानेसर हे हरियाणातील औद्योगिक नगर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तिथल्या एखाद्या वाहन कारखान्यात नोकरी करणारी, रत्नागिरी जिल्ह्यात माहेर असलेली एक गर्भवती स्त्री आपण या पाठासाठी उदाहरण म्हणून घेऊ. प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. त्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची रीत आणि हा कायदा एकत्र पाहिले, तर ही स्त्री साधारण बत्तिसाव्या आठवड्यात कोकणात पोहोचते. महिना मे असेल तर समजा की ती मानेसरच्या लूमधून सुटून थेट समुद्राच्या वाऱ्यावर आली आहे.

घरी आल्यावर तिला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. आजी म्हणते, दिवस भरत आलेत, पुळणीवर पाऊल टाकायचे नाही. मामेभावंडे म्हणतात, चल, मालवणला जाऊन पाण्यातले खेळ खेळू. आजीचा सल्ला गरजेपेक्षा जास्त भित्रा आहे आणि भावंडांचा घातक ठरू शकतो. या दोहोंच्या मधली वाट शरीरक्रियाशास्त्र आणि थोडे भौतिकशास्त्र यांच्या आधाराने शोधता येते.

थंड वाटणाऱ्या हवेतला उष्मा

प्रथम आकड्यांकडे पाहू. मानेसरला मे महिन्याच्या दुपारी तापमान ४२ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे असे धरा. रत्नागिरीला त्याच वेळी तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के धरा. कोणाही विद्यार्थ्याला विचारले तर रत्नागिरी थंड, असेच उत्तर येईल. आता दोन्ही ठिकाणी तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घाला. पाण्याचे बाष्पीभवन होऊन पारा खाली येईल. मानेसरला तो सुमारे २२ अंशांपर्यंत उतरेल, रत्नागिरीला मात्र २८ अंशांच्या आसपास थांबेल.

घामाने भिजलेली त्वचा म्हणजे हेच ओले फडके. हवा त्वचेइतकी किंवा त्वचेपेक्षा अधिक गरम झाली की शरीराजवळ उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. तो ओघळून जातो आणि त्याबरोबर पाणी व क्षारही जातात. शरीर मात्र थंड होत नाही. मानेसरला घाम दिसण्याआधीच वाळतो, म्हणून तिथे धोका शरीरातले पाणी नकळत कमी होण्याचा असतो. कोकणात शरीर तापण्याचा धोका तुलनेने अधिक असतो. वारा सुटला की हा फरक जाणवेनासा होतो आणि नेमके तेव्हाच माणसे उन्हात जास्त वेळ बसून राहतात.

गर्भवतीसाठी हे का महत्त्वाचे? गर्भावस्थेत रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि हृदयाला दर मिनिटाला अधिक रक्त ढकलावे लागते. शरीर थंड करण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त वळले, तर हृदयावरचा ताण आणखी वाढतो. गर्भाचे तापमान आईच्या तापमानापेक्षा सुमारे अर्धा अंश जास्त असते. त्याची उष्णता मुख्यतः वारेमार्फत (अपरेमार्फत) आईच्या रक्तात येते. आई तापली की बाळाला उष्णता टाकायला जागा राहत नाही. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या २८ दिवसांत मेंदू आणि मज्जारज्जू ज्यापासून तयार होतात ती चेतानलिका बंद होते. या काळात आईच्या शरीराचे तापमान ३९ अंशांच्या वर दीर्घ काळ राहिले, तर त्या नलिकेतील दोषांची शक्यता वाढते. पुष्कळ स्त्रियांना तेव्हा आपण गर्भवती असल्याचेही ठाऊक नसते. सकाळच्या तासाभराच्या फेरफटक्याने तापमान इतके वाढत नाही. भर दुपारी तासन्‌तास उघड्यावर बसणे, त्यात ताप असणे किंवा पाणी न पिणे, यांतून ते वाढू शकते.

म्हणून मे महिन्यात किनाऱ्यावर जायचे ते सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, आणि बसायचे ते सुरूच्या बनात. सुती, सैल कपडे, रुंद काठाची टोपी आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे पाणी, एवढी तयारी पुरते. गर्भावस्थेत चेहऱ्यावर वांग लवकर उमटतात आणि उन्हाने ते गडद होतात. त्यासाठी झिंक ऑक्साइड असलेले मलम चांगले. शहाळे उत्तम. कोकम सरबतही चांगले, पण गर्भावस्थेतील मधुमेह असेल तर ते बिनसाखरेचे घ्यावे.

एक गोष्ट मात्र इथे ठळकपणे सांगायला हवी. विसाव्या आठवड्यानंतर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणे, बरगड्यांखाली दुखणे, चेहऱ्याला अचानक सूज येणे, ही लक्षणे "ऊन लागले" म्हणून कांदा हुंगवून सोडून देऊ नयेत. ती गर्भावस्थेतील वाढत्या रक्तदाबाच्या गंभीर विकाराची असू शकतात. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा.

वाळूवरून चालणे

जागतिक आरोग्य संघटना निरोगी गर्भवती स्त्रियांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. मध्यम श्रम म्हणजे चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. चालण्यासाठी किनारा उत्तम आहे, फक्त वाळू कोणती ते पाहावे लागते. भुसभुशीत कोरड्या वाळूत चालताना त्याच वेगाने कठीण जमिनीवर चालण्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, कारण प्रत्येक पावलाचे बरेच श्रम वाळू हलवण्यात जातात. शिवाय गर्भावस्थेतील संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल झालेले असतात आणि पोट वाढल्यामुळे गुरुत्वमध्य पुढे सरकलेला असतो. घोटा मुरगळायला एवढे पुरेसे आहे. ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू सर्वांत सोयीची.

ही वाळू कधी मिळेल? कोकणातील जुना ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. दर दिवशी भरती साधारण पाऊण तास पुढे सरकते, हे त्यामागचे गणित. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे आणि संध्याकाळी ओहोटी असते आणि फिरायला रुंद, टणक पुळण मिळते. अष्टमीच्या सुमारास मात्र सकाळ-संध्याकाळ भरती असते आणि उरते ती वरची भुसभुशीत पट्टी. नेमकी वेळ प्रत्येक बंदरागणिक थोडी बदलते, तेव्हा भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावेच. शेवाळलेल्या खडपांवर कालवे बघायला चढू नये.

विश्रांतीसाठी पाठीवर सरळ आडवे होणेही दुसऱ्या सहामाहीत टाळावे. वाढलेले गर्भाशय पोटातील मोठ्या शिरेवर (अधोमहाशिरेवर) दाब देते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि चक्कर येते. डाव्या कुशीवर वळावे किंवा टेकून बसावे.

पाण्यात उतरणे

शांत पाण्यात छातीपर्यंत उभे राहिले की प्लावक बलामुळे पायांवर पडणारा भार निम्म्याहून कमी होतो. कंबरेचे दुखणे हलके होते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, त्यामुळे घोट्याशी साचलेला द्रव वर रक्तात ढकलला जातो आणि पायांची सूज उतरते. हा वाढीव द्रव मूत्रपिंडे बाहेर टाकतात, म्हणून लघवीला जास्त होते. पाण्यात असतानाही तहान भागवावी लागते ती यासाठीच. पोहणे हा गर्भावस्थेतील सर्वांत चांगल्या व्यायामांपैकी एक आहे, पण समुद्र म्हणजे पोहण्याचा तलाव नव्हे. इथे ओहोटी असते, लाटा असतात आणि परतीचा प्रवाह असतो.

परतीचा प्रवाह नवख्या माणसाला ओळखू येत नाही. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेले पाणी एखाद्या अरुंद, खोल पट्ट्यातून जोरात परत जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तीच जागा शांत दिसते आणि माणसे नेमकी तिथे उतरतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ती धडधाकट तरुण मुले होती. आठव्या महिन्यातील स्त्रीने जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर गुडघ्यापेक्षा खोल जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक आहेत. तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग पोहण्यासाठी असतो आणि नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नये. कोकणात असा बंदोबस्त सर्वत्र नाही. तिथे गावातल्या कोळ्यांना विचारावे. ते नको म्हणाले तर वाद घालू नये. जून ते ऑगस्टमध्ये पाण्यात उतरण्याचा विचारच नको.

शहरालगतच्या किनाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. मुंबईच्या चौपाट्यांवर सांडपाणी मिसळते आणि गर्भावस्थेत मूत्रमार्गाचा संसर्ग सहज होतो. तिथे फिरावे, पण डुंबू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये याच किनाऱ्यांवर ब्लूबॉटल हे विषारी निळे जलचर मोठ्या संख्येने आले होते आणि अनेकांना दंश झाले होते. दंश झाल्यास जागा चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि दवाखाना गाठावा.

मालवणचे खेळ

मालवण-तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंग प्रसिद्ध आहे. गर्भवतीने ते कोणत्याही महिन्यात करू नये आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. दाबाखालच्या हवेतील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळतो आणि वर येताना त्याचे बारीक बुडबुडे होऊ शकतात. आईच्या रक्तातील असे बुडबुडे बहुतांशी फुप्फुसांतील केशिकांच्या जाळ्यात गाळले जातात. गर्भाची फुप्फुसे मात्र अजून कामाला लागलेली नसतात. त्याचे बहुतेक रक्त हृदयाच्या दोन कप्प्यांमधील छिद्रातून आणि एका खास वाहिनीतून फुप्फुसांना वगळून थेट शरीराकडे जाते. ही चाळण नसल्याने गर्भाच्या रक्तात बुडबुडा झाला, तर तो मेंदूपर्यंतही पोहोचू शकतो. गर्भ राहिल्याचे कळण्याआधी कोणी डुबकी मारली असेल तर घाबरून जाऊ नये. डॉक्टरांना सांगावे आणि पुढे डुबकी टाळावी.

बनाना राइड, जेट स्की, पॅरासेलिंग आणि वेगवान स्पीडबोट यांत पडणे, आपटणे, जोराचा हिसका बसणे आलेच. पोटावर आघात झाला तर वार गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटू शकते आणि त्यात आई व बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. खाडीतून संथ चालणारी होडी निराळी. आपल्याकडे होडीतले डोहाळजेवण करतात, त्याला शास्त्राचा काहीच विरोध नाही. जीवरक्षक जाकीट मात्र साडीवरूनही घालावे. फोटोत ते चांगले दिसणार नाही, एवढेच.

रुग्णालयाचे अंतर

किनारा निवडताना वाळू किती पांढरी आहे यापेक्षा सिझेरियनची सोय असलेले रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे आधी पाहावे. कोकणातील रस्ते वळणांचे आहेत, नकाशावरचे ३० किलोमीटर तासाभराचे होऊ शकतात. शेवटच्या महिन्यात हे अंतर शक्य तितके कमी असावे. माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाची नोंद आणि शेवटच्या सोनोग्राफीचा अहवाल जवळ असावा, कारण मानेसरची नोंद रत्नागिरीच्या डॉक्टरांसमोर आपोआप येत नाही. वार खाली असणे, रक्तस्राव, अकाली कळांचा इतिहास किंवा वाढलेला रक्तदाब असेल, तर व्यायाम आणि प्रवास दोन्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत.

योनीतून रक्त किंवा पाणी जाणे, थांबून थांबून नियमित येणाऱ्या कळा, बाळाची हालचाल मंदावणे, छातीत दुखणे, सावलीत बसूनही न थांबणारी चक्कर, यांपैकी काहीही दिसले तर घरी जाऊन पाहू असे म्हणत थांबू नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सरकारी रुग्णालयात नेण्यासाठी गर्भवतींना १०२ ची वाहनसेवा विनामूल्य आहे. फोन करताना किनाऱ्याबरोबर जवळच्या देवळाचे किंवा एस. टी. थांब्याचे नावही सांगावे, म्हणजे गाडी नेमक्या वाटेने येते.