पाना नेमका कुठे घडला?
अमेरिकेत सिअर्स कंपनीने 1927 साली ‘क्राफ्ट्समन’ या नावाने हत्यारं विकायला सुरुवात केली. पाना तुटला की दुकानात न्यायचा, बदल्यात नवा मिळायचा. या हमीवर लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या विश्वास बसला. पुढे बरंचसं उत्पादन चीन आणि तैवानला गेलं. पाना घडवताना घणाचा घाव क्षणात बसतो. खरी मेहनत त्यानंतरची. कडा छाटायच्या, पोलादाला पाणी द्यायचं, घासून चकाकी आणायची, क्रोमचा मुलामा चढवायचा. मजुरीचा खर्च इथेच वाढतो, म्हणूनच उत्पादन बाहेर गेलं.

2017 मध्ये स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकर या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीने क्राफ्ट्समन हा ब्रँड घेतला आणि दोनच वर्षांनी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला कारखाना जाहीर केला. मजुरीवर उतारा म्हणून स्वयंचलित यंत्रं आणली, पण ती अपेक्षेला उतरली नाहीत. 2023 मध्ये कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. कुशल हात एकदा पांगले की नुसत्या पैशाने परत येत नाहीत, हे माझं ठाम मत.

तैवानचा पाना कमअस्सल, हा मात्र निव्वळ गैरसमज. पोलाद चांगलं आणि पाणी नीट दिलेलं असेल तर तोही आयुष्यभर टिकतो. देशी मालच हवा असणाऱ्या अमेरिकी ग्राहकाने शिक्का पूर्ण वाचावा: ‘मेड इन यूएसए’पुढे ‘विथ ग्लोबल मटेरियल्स’ असेल, तर कच्चा माल किंवा सुटे भाग बाहेरचे असतात.