‘सराईत’ कोणाला म्हणायचे, हे कायदा कसे ठरवतो?

‘आरोपी सराईत असून त्याच्यावर आधीही गुन्हे दाखल आहेत,’ असे बातमीत वाचले की आपण धरून चालतो, आता याला वाढीव शिक्षा होणार. तसे होतेच असे नाही. वाढीव शिक्षेसाठी दाखल गुन्हे मोजत नाहीत, दोषसिद्धी मोजतात. पाच एफआयआर असले आणि एकाही खटल्यात न्यायालयाने दोषी ठरवले नसेल, तर त्या माणसाचा हा पहिलाच गुन्हा धरला जातो.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३७६-ई आले. बलात्काराच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर मरेपर्यंत कारावास किंवा फाशी. न्या. वर्मा समितीने फाशी सुचवली नव्हती, ती सरकारने घातली. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७१ मध्ये आहे.

या कलमाची खरी कसोटी मुंबईत लागली. शक्ती मिलमध्ये २०१३ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये दोन सामूहिक बलात्कार झाले. तीन आरोपी दोन्हींत होते. २० मार्च २०१४ रोजी दोन्ही खटल्यांत एकाच दिवशी ते दोषी ठरले, आणि सरकारी पक्षाने ३७६-ई चा आरोप त्यानंतर वाढवून घेतला. एकाच दिवशीच्या निकालांपैकी ‘आधीचा’ कोणता, असा बचाव पक्षाचा सवाल होता. सत्र न्यायालयाने ४ एप्रिलला फाशी दिली. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम वैध ठरवले, पण नोव्हेंबर २०२१ मध्ये फाशीऐवजी मरेपर्यंत जन्मठेप दिली. पॅरोल नाही, फर्लो नाही. याला सौम्य शिक्षा म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

आधीची शिक्षा खटल्याच्या सुरुवातीला वाचून दाखवत नाहीत. चालू गुन्हा सिद्ध झाल्यावरच ती पुढे येते, नाहीतर पुराव्याआधीच मत बनेल. हे योग्यच आहे.

ॲट्रॉसिटी कायद्यातही कलम ५ आहे. जातीयवादी छेडछाडीसारख्या गुन्ह्यांना किमान सहा महिने शिक्षा असते. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष. पण वस्तीत पहिल्याच वेळी दबाव येतो, साक्षीदार फिरतात, ‘मिटवून टाका’ म्हणत गावकरी बसतात. खटला सुटला की पहिली दोषसिद्धी उरत नाही, मग दुसऱ्या वेळी वाढीव शिक्षा कुठून येणार? मिटवायला सांगणाऱ्याला हे तोंडावर सांगा.

आरोपीला आधी शिक्षा झाल्याचे ठाऊक असेल, तर त्या निकालाची प्रमाणित प्रत काढून सरकारी वकिलांकडे द्या. आरोपपत्रात तिचा उल्लेख राहिला असला, तरी शिक्षा सुनावण्यापूर्वी न्यायालय तो घालू शकते.