तिथीने जपलेली स्मृती : जोडेघाटचे संग्रहालय

स्मृतिव्याख्यानाच्या या पुस्तिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी शाळेची आज्ञा झाली. स्मृती टिकते कशी, याचा धडा मला ग्रंथालयापेक्षा आपल्या परिसरातील जोडेघाट येथे अधिक मिळाला. तोच येथे मांडतो.

जोडेघाट हे केरामेरीच्या डोंगरातील लहानसे गोंड गाव. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते; आता कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. जल, जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी बारा गावांना निजामी सत्तेविरुद्ध उभे करणारा कुमरम भीम १९४० मध्ये येथेच पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. आज गावात त्याचा पुतळा, स्मारक आणि गोंड जीवनाचे दर्शन घडविणारे संग्रहालय आहे.

भीमाचा स्मृतिदिन तारखेने पाळला जात नाही. तो आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीस, पाळला जातो. २०१४ मध्ये ही तिथी ८ ऑक्टोबरला आली होती. त्या दिवशी तेलंगणाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी येथे स्मारकाची घोषणा केली. छापील लेखनात मात्र भीमाच्या मृत्यूच्या १ सप्टेंबर आणि २७ ऑक्टोबर अशा निरनिराळ्या तारखा आढळतात. मी १९४० चे पंचांग पडताळले. १ सप्टेंबरला अमावास्येचा सुमार, २७ ऑक्टोबरला कृष्ण पक्ष. आश्विन पौर्णिमा होती १५-१६ ऑक्टोबरला. कागदांचे आपसांत जुळत नाही. पण निरक्षर म्हणून ज्यांना आपण हिणवले, त्यांनी चंद्राच्या साक्षीने आपली आठवण एका रात्रीला बांधून ठेवली. लिखित पुराव्याला प्रमाण मानण्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या अध्यापकाने यापुढे नम्र व्हावे, हेच उचित.

संग्रहालय एरवी शांत असते. त्या दिवशी मात्र वाड्यापाड्यांतून माणसे येतात, रीतीप्रमाणे पूजा होते, ढोल वाजतात. नंतर दरबार भरतो. लोक अधिकाऱ्यांसमोर जमिनीचे, रस्त्याचे, पाण्याचे गाऱ्हाणे मांडतात. या प्रथेचे मूळही त्याच लढ्याशी जोडलेले आहे. बंडानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या स्थितीचा अभ्यास सोपविला. चाळीसच्या दशकात केसलापूरच्या नागोबा जत्रेत असा दरबार सुरू झाला, तो त्यांच्याच पुढाकाराने. म्हणजे जोडेघाटला स्मरण आणि मागणी यांची फारकत होत नाही. ज्या जमिनीसाठी भीम पडला, तिचाच प्रश्न त्याच्या पुतळ्यासमोर पुन्हा विचारला जातो.

मराठीच्या अभ्यासकास येथे आणखी एक जिव्हाळ्याचा धागा सापडतो. गोंडांच्या कुलकथा गाणारे या भागातील परधान घरी मराठी बोलतात आणि गातात गोंडीत. गुंजाळा गावी सापडलेल्या जुन्या गोंडी पोथ्याही परधानांनीच जपल्या होत्या. त्या लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने निघालेली गोंडी क्रमिक पुस्तके नागरी लिपीत होती, आणि आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडीचे व्याकरण लिहिले. असा हा शेजार जुना आहे. आपणच तो विसरत चाललो आहोत.

परधानांची किकरी काचेआड ठेवता येते, तिच्या साथीने गायिली जाणारी कथा ठेवता येत नाही. ती गाणारा आणि ऐकणारा, दोघेही जिवंत हवेत. गाणारे वृद्ध होत आहेत. म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. येत्या कोजागरीस दूध आटविण्यापूर्वी जोडेघाटला जावे. सोबत शाळेतील दोन मुले न्यावीत, एक कोरी वही न्यावी आणि एखाद्या परधान आजोबांपाशी बसून, त्यांची अनुमती घेऊन, ऐकलेले लिहून काढावे. संग्रहालयाची इमारत सरकारने उभारली. तिच्यात प्राण ओतण्याचे काम मात्र ऐकणाऱ्यांचे आहे.