मधुमेह, मूत्रपिंड आणि ताकाचा पेला

प्रथिनांवर जगणारे आतड्यातले काही जिवाणू इंडोल, पी-क्रेसॉलसारखे पदार्थ तयार करतात. त्यांचे पुढचे अवशेष मूत्रपिंडांनाच बाहेर टाकावे लागतात. मधुमेहाने मूत्रपिंडे थकली की ते रक्तात साचतात आणि आणखी इजा करतात. इराणमध्ये टाइप टू मधुमेह असलेल्या मोजक्या मूत्रपिंडरुग्णांवर ८ आठवडे चाचणी झाली. प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणू घातलेले, सोयादूध घेणाऱ्यांच्या लघवीतले अल्ब्युमिन (मूत्रपिंडांना इजा झाली की गळणारे प्रथिन) घटले. आशादायक खरे, पण चाचणी लहानच. शिवाय घरच्या विरजणातले जिवाणू वेगळे, आणि कढी उकळली की तेही मरतात. बेताच्या मिठाचे ताक जेवणात जरूर घ्या. ताकात पोटॅशियम असते, म्हणून रक्तात ते वाढले असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. ताकाच्या भरवशावर गोळ्या सोडू नका, आणि वर्षातून किमान एकदा लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्याच.