आवाज येतो, शब्द येत नाहीत

साठी-पासष्टी उलटलेल्या रुग्णांच्या तोंडून एक तक्रार मी नेहमी ऐकतो : "डॉक्टर, आवाज येतो हो, पण शब्द कळत नाहीत." सोबत आलेली सून किंवा मुलगा त्यावर म्हणतो, "हवं तेवढं त्यांना बरोबर ऐकू येतं." दोन्ही विधाने खरी असू शकतात. ऐकण्यावरून घरोघरी होणाऱ्या कुरबुरींचे मूळ पुष्कळदा माणसांच्या स्वभावात नसून ध्वनीच्या स्वभावात असते.

ध्वनी म्हणजे कंपन. देवळातील घंटेवर टोल पडला की धातू थरथरतो व लगतच्या हवेला ढकलतो. ती हवा पुढच्या हवेला ढकलते. कोठे हवा दाटते, कोठे विरळ होते, आणि ही दाटी-विरळी पुढे सरकत जाते. घंटेजवळची हवा वाहत आपल्या कानापर्यंत येत नाही. ती जागच्या जागी मागेपुढे झुलते, प्रवास होतो तो कंपनाचा. अर्थात, त्यासाठी माध्यम हवे. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइल यांनी काचेच्या पात्रात घड्याळ टांगून आतील हवा काढून घेतली, तेव्हा त्याची टिकटिक ऐकू येईनाशी झाली. वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. पाण्यात त्याच्या चौपटीहून अधिक, पोलादात त्याहूनही कितीतरी वेगाने. (वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागावे, वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. नातवंडांना हा खेळ फार आवडतो.)

आपल्या विषयाच्या दृष्टीने वेगापेक्षा महत्त्वाची आहे ती वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. बोलण्यातील अ, आ, ओ हे स्वर खालच्या वारंवारतेचे आणि जोरकस असतात. स, श, च, फ ह्यांसारखी व्यंजने वरच्या वारंवारतेची आणि मुळातच क्षीण असतात. आवाजाचे बळ स्वरांत, तर शब्दाची ओळख बहुतांशी व्यंजनांत. वार्धक्यात आधी झिजते ती नेमकी वरच्या वारंवारतेची श्रवणशक्ती. आंतरकर्णातील शंखाकृती नळीत प्रत्येक कानाला सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात आणि बहुधा त्याच आधी निकामी होतात. एकदा गेलेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत.

आता मराठीतील अंक पाहा : चार, पाच, सात, आठ. चौघांतही स्वर एकच, 'आ'. व्यंजने गळाली की चौघे जुळ्या भावंडांसारखे दिसू लागतात. "सातला गोळी घ्या" हे "पाचला" असे ऐकू आले, तर दोष विसरभोळेपणाचा नव्हे. म्हणून औषधाच्या वेळा आणि मात्रा ठळक अक्षरांत लिहूनच द्याव्यात, आणि आजी-आजोबांकडून एकदा वदवून घ्याव्यात. मधुमेहाच्या औषधांबाबत तर मी ह्याविषयी हट्टच धरतो.

मोठ्याने ओरडल्याने हे साधत नाही. ओरडताना बळ वाढते ते मुख्यतः स्वरांचे. व्यंजने मागेच राहतात. शिवाय वृद्ध कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र टोचतो. "अरे, ओरडतोस कशाला?" हा वैताग त्यातूनच येतो.

स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारण्याची आपली सवय तर सर्वांत वाईट. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर असते; ती दाराच्या कडेला वळसा घालून सहज पलीकडे पोहोचते. ४,००० हर्ट्झची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची; ती बरीचशी सरळ जाते आणि भिंतीआड ऐकणाऱ्याच्या वाट्याला तिचा अंश येतो. पलीकडे पोहोचतो तो नुसता घुमारा. त्यातच अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश उरते. गुळगुळीत फरश्या आणि उघड्या भिंती आवाज परतवतात, त्यामुळे एका शब्दाचे शेपूट दुसऱ्यावर चढते. जाड पडदे, सतरंजी, गाद्या ते शोषून घेतात. मिक्सर, दूरदर्शन बंद करून, समोर हातभर अंतरावर बसून, चेहऱ्यावर उजेड पडेल अशा बेताने थोडे सावकाश बोलावे. ओठांची हालचाल दिसली की हरवलेल्या व्यंजनांची बरीच भरपाई होते.

तरीही सारे वयावर ढकलू नये. कित्येकदा कानात नुसता मळ साचलेला असतो. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. काडी, पिन किंवा कोमट तेल ह्यांच्या वाटेस जाऊ नये. आम्ही नादकाटा वाजवून आधी कानासमोर आणि मग कानामागच्या हाडावर टेकवून पाहतो. हाडातून अधिक चांगले ऐकू आले, तर अडथळा बहुधा मळ, पडदा वा मधल्या कानातील तीन हाडांपाशी असतो आणि त्यावर उपचार होऊ शकतात. दोष आंतरकर्णात असल्यास श्रवणचाचणी करून, तिच्या आलेखानुसार बसवलेले श्रवणयंत्र घ्यावे. कोणाचे तरी जुने यंत्र वापरू नये. आणि एखाद्या कानाचे ऐकणे एकाएकी, दिवसा-दोन दिवसांत गेले, तर तो मळ असेल म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञांना गाठावे, कारण त्यावरील उपचारांचा उपयोग होतो तो पहिल्या काही दिवसांतच.