एक भागिले सहा

दीड इंचाला सहाने भागलं की बरोबर पाव इंच येतो. शाळेतला भागाकार. पण दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मन रणगाड्याच्या बाजूचं चिलखत दीड इंच जाडीचं होतं, आणि पाव इंची प्लेट भोर-शिरवळ पट्ट्यातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे भिंतीला टेकून उभी असते. शेडच्या खांबांखालच्या बेसप्लेटा तिच्यातूनच कापल्या जातात. म्हणजे उद्या भोरजवळच्या उत्रोलीत कुणी एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये शर्मनची एक षष्ठांश मापाची धातूची प्रतिकृती करायला बसला, तर चिलखत हाताशीच आहे. बाकीचं जमवणं हा खरा खेळ. आणि त्या खेळात निसर्गाचे नियम असे आडवे येतात, की खेळणं करायला निघालेला माणूस थेट भौतिकशास्त्रात जाऊन पडतो.

आधी आकार बघू. शर्मनचा एम-४-ए-४ हा प्रकार सुमारे ६.०६ मीटर लांब, २.६२ मीटर रुंद, २.७४ मीटर उंच आणि वजनाला साडेएकतीस टनांच्या आसपास. सहाने भागल्यावर लांबी एक मीटर, रुंदी ४४ सेंटिमीटर, उंची ४६. वजन मात्र सहाने भागायचं नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सहापट घटल्या, म्हणजे वजन सहा गुणिले सहा गुणिले सहा, २१६ पट घटलं. उरतं ते साधारण १४६ किलो. अस्सल जाडीचं पोलाद आणि आत सगळी यंत्रं भरली तर हा आकडा. प्रत्यक्षात अशा प्रतिकृतींच्या तयार किटमध्ये बहुतेक भाग अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचं, त्यामुळे प्रतिकृती बरीच हलकी होते. तरीही ती उचलायला दोन-तीन माणसं लागतातच.

या मापाची धातूची किट ब्रिटनमधली आर्मोरटेक ही कंपनी बनवते. खोक्यांमधून मशिनिंग केलेल्या प्लेटा, ओतीव चाकं, पट्ट्याच्या कड्या आणि स्क्रूंच्या पुड्या येतात. एम-४ रणगाडा जोडताना हाताशी एम-४ स्क्रू यावेत हा योगायोग मला फार आवडतो. किंमत लाखांत. पुस्तिकेबरहुकूम जोडलं तरी महिनोन्‌महिने पुरेल एवढं काम त्यात असतं. पण या छंदातले मुरलेले लोक त्यावर थांबत नाहीत. ते एका प्रकाराचं किट आणतात आणि त्यातून दुसराच प्रकार घडवतात. आपल्याकडे हे करायचं तर घडवावा कोणता? माझं मत विचाराल तर भारतीय लष्करातला शर्मन.

सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरची लढाई. समोर पाकिस्तानचे अमेरिकन पॅटन रणगाडे, शर्मनपेक्षा एक पिढी नवे. आपल्या बाजूला थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, एट्‌थ कॅव्हलरीचे हलके फ्रेंच एएमएक्स-१३ आणि डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन. डेक्कन हॉर्सचं नेतृत्व होतं अलिबागला जन्मलेल्या लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य यांच्याकडे. या लढाईसाठी त्यांना महावीरचक्र मिळालं, १९७१ मध्ये दुसऱ्यांदा मिळालं आणि १९८३ साली ते लष्करप्रमुख झाले. असल उत्तरला पाणी सोडून चिखल केलेल्या उसाच्या शेतांत पॅटन रुतले आणि टिपले गेले. तो पॅटन जवळून बघायचा असेल तर अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९९४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय निवांत वेळ काढून बघावं. टेप न्यायला मात्र विसरू नये, कारण प्रतिकृती करणाऱ्याला फोटोपेक्षा माप जास्त उपयोगी पडतं.

आता गंमत बघा. ज्याचं किट बदलून आपण दुसरं काही करणार, तो खरा शर्मनच जन्मापासून किट होता. सुमारे ४९ हजार शर्मन बनले, पण सगळ्यांना पुरेल एवढं एका जातीचं इंजिन अमेरिकेकडे नव्हतं. म्हणून काहींत विमानाचं गोलाकार इंजिन बसवलं, काहींत दोन डिझेल इंजिनांची जोडी, काहींत फोर्डचं व्ही-८. एम-४-ए-४ मध्ये तर क्रायस्लरने कहर केला. मोटारगाडीची सहा सिलिंडरची पाच इंजिनं एका सामाईक केसभोवती वर्तुळात जोडली: ३० सिलिंडर! ब्रिटिशांना या शर्मनमध्ये आपली लांबलचक सतरा पौंडी तोफ घालायची होती. ती टरेटमध्ये, म्हणजे रणगाड्यावरच्या फिरत्या बुरुजात, मावेना, तेव्हा त्यांनी तोफेची मागची बाजू ९० अंशात आडवी पाडली आणि वायरलेससाठी टरेटला मागून भोक पाडून बाहेर एक पेटी जोडली. तो झाला फायरफ्लाय. इजिप्तने शर्मनच्या धडावर एएमएक्स-१३ चा अख्खा टरेट चढवला. आणि भारताने काही शर्मनना त्याच एएमएक्स-१३ ची फ्रेंच ७५ मिलिमीटरची तोफ बसवली, तर काहींना पीटी-७६ या पाण्यावर तरंगणाऱ्या रशियन रणगाड्याची ७६ मिलिमीटरची. अमेरिकेचं धड, फ्रान्सची किंवा रशियाची तोफ, जवान आपले. असा शर्मन घडवायचा तर किटच्या पुस्तिकेला कुठेतरी फाटा द्यावाच लागतो, आणि तो देणं म्हणजे खऱ्या शर्मनच्या परंपरेला धरूनच चालणं.

आपण एम-४-ए-४ हाच प्रकार धरू. मग पहिली कुऱ्हाड धडावर. ते पाच इंजिनांचं धूड मावावं म्हणून एम-४-ए-४ चं धड सुमारे ११ इंच लांबवलं होतं. किट जर आखूड धडाच्या शर्मनचं असेल तर एक षष्ठांशात ४६.६ मिलिमीटरची भर घालावी लागते. वाटतं, मागे एक तुकडा जोडला की झालं. तसं होत नाही. शर्मनच्या प्रत्येक बाजूला चाकांच्या तीन जोड्या असतात आणि लांब धडात त्या एकमेकींपासून दूर सरकवलेल्या होत्या. आखूड शर्मनमध्ये जोड्या दाटीवाटीने बसतात, लांबमध्ये मधल्या फटी लगेच डोळ्यांत भरतात. म्हणून बाजूच्या प्लेटा नव्यानेच कापाव्या लागतात, चाकांच्या जोड्या बसवायची भोकं नव्या आखणीवर पाडावी लागतात, आणि मग तळ, छत, सगळंच बदलत जातं. ड्रॉइंग पक्कं असेल तर लेझर कटिंगवाला हे काम तासाभरात करून देईल. गुण्या लावून, पंच मारून, हाताने आटे पाडत बसलं तर सुट्ट्या जातील. पण मला विचाराल तर धडाचा चौरसपणा हातालाच जास्त कळतो.

धड वाढलं की पट्टा अपुरा पडतो. आखूड शर्मनला एका बाजूला ७९ कड्या, लांब शर्मनला ८३. रहाटगाडग्याच्या माळेसारखा हा पट्टा: एकेक कडी सुटी, शेजारणीशी दोन्ही टोकांना एकेका जोडकडीने बांधलेली. दोन्ही बाजू मिळून १६६ कड्या आणि ३३२ जोडकड्या. किटमधल्या कमी पडणाऱ्या आठ कड्या आणि सोळा जोडकड्या स्वतः करायच्या. एका कडीत केसभर चूक असली तर कळत नाही. तीच चूक ८३ वेळा झाली तर पट्टा दातांवरून उडी मारतो.

मग तोफ. शर्मनची मूळ नळी सुमारे तीन मीटरची आणि गोळा सेकंदाला सहाशेवीस मीटरच्या आसपास वेगाने सुटायचा. फ्रेंच तोफेची नळी सुमारे ४.६ मीटरची, वेग हजार मीटरच्या घरात. गोळ्याचं वजन साधारण तेवढंच, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून मारा अडीच पटींहून जास्त. आपल्या मापात ही नळी ७७ सेंटिमीटरची. ब्राइट बार लेथवर चढवून टोकाकडे निमुळती काढायची, म्हणजे बारचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक जरासा बाजूला सरकवून. टर्नर विचारणारच, "काय मालक, कशाला पायजे एवढा लांब?" त्याची शंका रास्त आहे. एवढा लांब आणि बारीक बार मध्यभागी थरथरतो, चॅटर येतो, पृष्ठभागावर लाटा उमटतात. मध्ये आधाराला स्टेडी लावून, हलका कट घेत, घाई न करता निघणारं हे काम. भोक पुढचं थोडंसंच, साडेबारा मिलिमीटरचं. बाकी नळी भरीव राहू दिलेलीच बरी. नाहीतरी ही तोफ दिसण्यापुरती.

भरीव नळी लांब झाली की ती पुढे जड होते आणि नाकावर पडते. खऱ्या रणगाड्यातही नेमका हाच प्रश्न आला. इस्रायलने हीच फ्रेंच तोफ शर्मनवर बसवली तेव्हा टरेटच्या मागे जड पाठ वाढवून तोल सावरला. तोल नसेल तर उतारावर टरेट फिरवताना मोटर दमते, आणि छोट्या मोटरलाही तो नियम चुकत नाही. शेडमधल्या माणसाने टरेटच्या पाठीत शिसं ओतलं, तर तो नकळत त्या कारखान्यातल्या इंजिनिअरचंच उत्तर गिरवत असतो.

टरेटवरून आठवलं. शर्मनचा टरेट वाळूच्या साच्यात ओतलेला, म्हणून त्याचं अंग खरखरीत. मनात येईल, कोल्हापूरच्या फौंड्रीत छोटा टरेट ओतून घेऊ, अस्सल खरखर आपोआप येईल. इथेच माप फसतं. साचा सहापट लहान झाला, पण वाळूचा कण तेवढाच राहिला. त्यामुळे छोट्या टरेटवर ती खरखर सहापट भरड दिसणार. म्हणून टरेट गुळगुळीत घासायचा, त्यावर लांबीचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असताना आखूड केसांच्या ब्रशने टोचत जायचं. हाताने केलेली खोटी खरखर खऱ्या वाळूपेक्षा जास्त खरी दिसते.

माझ्या मते सगळ्यात मोठं नवल स्प्रिंगचं आहे. शर्मनच्या चाकांच्या प्रत्येक जोडीवर पोलादी पट्टी गुंडाळून केलेल्या शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगा असतात. समजा, कुणी जीव ओतून त्यांची हुबेहूब नक्कल केली: तेच पोलाद, प्रत्येक माप सहाने भागलेलं, एक दशांशही चूक नाही. ती स्प्रिंग जवळजवळ हलणारच नाही! कारण स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या मापाबरोबर घटतो, म्हणजे सहापट. वजन मात्र २१६ पट घटलं. खरी स्प्रिंग रणगाड्याखाली समजा सहा सेंटिमीटर दबत असेल, तर छोटी एक सेंटिमीटर दबायला हवी. ती दबते जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. हुबेहूब केलेली स्प्रिंग सहापट ताठर ठरते, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या धडाखाली तर त्याहूनही. रणगाडा दगडगोट्यांवरून ठोकळ्यासारखा खडखडत जातो. उपाय एकच, नक्कल मोडायची. बाहेरून तो शंकू तसाच दिसेल असा करायचा आणि आत लपवून एक मऊ, बारीक तारेची स्प्रिंग घालायची.

जमिनीवरही तेच. वजन २१६ पट घटलं, पट्ट्याचं जमिनीला टेकणारं क्षेत्र ३६ पट, म्हणून जमिनीवरचा दाब सहावा हिस्साच राहिला. पॅटन जिथे रुतले तसल्या चिखलावरून हा छोटा शर्मन आरामात जाईल. भाताच्या खाचरात तो चालवून बघायचा मोह मी समजू शकतो; मात्र शेत स्वतःचं असावं.

स्प्रिंगा मऊ केल्या तरी एक गोष्ट सुधारत नाही, ती म्हणजे वेळ. खड्ड्यातून निघाल्यावर खरा रणगाडा पुढे-मागे डुलतो. छोट्याच्या डुलण्याचा काळ सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे जवळजवळ अडीच पटींनी कमी होतो. खऱ्याला एक सेकंद लागेल तिथे याला ०.४. गुरुत्वाकर्षण कुणासाठी लहान होत नाही, म्हणून आकाराने लहान तो चळवळ्या. रंग, गंज, वेल्डची रेघ सगळं बिनचूक असलं तरी व्हिडिओत तो चालू लागला की डोळा क्षणात ओळखतो, हे छोटं आहे. सिनेमात छोट्या प्रतिकृती मोठ्या भासवणाऱ्या मंडळींनी यावर फार पूर्वीच तोड काढली: चित्रण जलद करायचं आणि दाखवायचं संथ. सेकंदाला २४ चित्रं दाखवायची तर २४ गुणिले २.४५, म्हणजे सुमारे ५९ चित्रं टिपायची. आज बऱ्याच फोनमध्ये ६० चित्रांची सोय असते, त्यामुळे हा हिशेब खिशातच सुटतो. तसं टिपून बघितलं की एक मीटरचा शर्मन एकतीस टनांसारखा सावकाश डुलतो.

उरते धूळ. वाळूच्या कणासारखी तीही लहान होत नाही. पट्ट्यामागे उडणारी माती भरड दिसली की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून चित्रण असेल त्या दिवशी वाटेवर वस्त्रगाळ पूड पसरायची. सिनेमावाले त्यासाठी मुलतानी माती वापरतात, आणि ती भोरच्या बाजारात किराण्याच्या दुकानातही मिळून जाईल.